शिक्षिका सोडून काहीही! मॉन्टेसरीबाईंचे भन्नाट किस्से

पोर अडीच-तीन वर्षांचं झालं की आजूबाजूचे नातेवाईक चौकशी सुरू करतात, “मग, मॉन्टेसरीत घातलं का?” मॉन्टेसरी म्हणजे फ्रॉकला पिन केलेला रुमाल, डब्यात पोळीचा रोल आणि गेटवर पहिल्या दिवशीचं भोकाड. पण माहीत आहे का, मॉन्टेसरी हे चक्क एका बाईंचं आडनाव आहे?

आणि बाईंचं आयुष्य असं, की वेब सीरिजवाल्यांनी तीन सीझन आरामात काढावेत. सिक्रेट बेबी आहे, हुकूमशहा आहे, युद्धनौका आहे, आणि मंडळी, आपलं नगरसुद्धा आहे! चला, प्ले दाबा.

एपिसोड पहिला: नको ती नोकरी

मारिया मॉन्टेसरी जन्मली ३१ ऑगस्ट १८७० रोजी, इटलीतल्या क्याराव्हाल्ले या गावात. ही तारीख खिशात ठेवा, पुढे लागणार आहे. तिच्या जन्मानंतर तीनच आठवड्यांनी इटालियन फौजा रोममध्ये शिरल्या आणि रोम इटलीत आलं. म्हणजे कन्या आधी, रोम नंतर!

शाळेत असताना तिला व्हायचं होतं इंजिनिअर. त्यासाठी ती चक्क मुलग्यांच्या तांत्रिक शाळेत जाऊन बसली. आईवडिलांनी एक सुरक्षित पर्याय सुचवला: बाळ, शिक्षिका हो. त्या काळी चांगल्या घरच्या मुलीला शोभेल असं तेवढंच करिअर होतं. मारियाचं उत्तर ठाम होतं. शिक्षिका सोडून काहीही! नियतीने टाकलेली यापेक्षा सुंदर गुगली दाखवा.

मग इंजिनिअरिंगवरून गाडी वळली मेडिकलला. रोम विद्यापीठात शवविच्छेदनाचा प्रश्न आला. पुरुष विद्यार्थ्यांच्या सोबतीने एका मुलीने उघडा देह बघायचा? छे छे, संस्कृतीचं काय होईल! तोडगा असा निघाला की वर्ग सुटल्यावर मारियाने एकटीने, प्रेतांच्या संगतीत, प्रॅक्टिकल उरकायचं. फॉर्मॅल्डिहाइडचा वास असह्य व्हायचा, तेव्हा तो मारायला ती तंबाखूचा धूर काढायची. मॉन्टेसरीच्या गॅदरिंगमध्ये हा प्रवेश कुणी बसवलेला ऐकिवात नाही.

१८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इथे एक फॅक्ट-चेक घ्या. ‘इटलीची पहिली महिला डॉक्टर’ असं बिरुद तिच्या नावापुढे जागोजागी चिकटवलेलं दिसेल. ते खरं नाही. तिच्याआधी काही जणी पदवी घेऊन बसल्या होत्या, एक तर १८७७ मध्येच. बाईंचा बायोडेटा तसाही पुरेसा जड आहे, त्यात खोट्या पानांची भर कशाला?

त्याच वर्षी ती बर्लिनच्या महिला परिषदेला गेली आणि बोलली कशावर, माहीत आहे का? समान कामाला समान पगार! वर्तमानपत्रांनी बातम्याही छापल्या. भाषणाच्या, आणि जवळपास तितक्याच कौतुकाने बाईंच्या देखणेपणाच्या. सव्वाशे वर्षं झाली, मथळे फारसे बदललेले नाहीत.

चुरा, भुगा आणि युरेका

डॉक्टर झाल्यावर रोमच्या मानसोपचार विभागात तिचं काम सुरू झालं. तिथे ‘मतिमंद’ असा शिक्का मारलेली मुलं वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली असायची. खोली रिकामी. खेळणं नाही, चित्र नाही, काही नाही. जेवण झालं की मुलं जमिनीवर सांडलेला पावाचा चुरा गोळा करायची. सांभाळणारी बाई वैतागून म्हणायची, हावरट आहेत मेली.

मारियाने नीट पाहिलं. मुलं चुरा खात नव्हती, त्याच्याशी खेळत होती! अख्ख्या खोलीत बोटांनी धरता येईल अशी तेवढी एकच वस्तू होती. भूक होती, पण पोटाची नव्हती, हातांची होती.

मग तिने अशा मुलांसाठी हातात धरायची, लावायची, जुळवायची साधनं तयार केली. काही काळाने यातल्या काही मुलांनी सर्वसाधारण मुलांची परीक्षा दिली आणि पासही झाली. सगळीकडे वाहवा झाली. मारियाला मात्र उलटाच प्रश्न पडला: ही मुलं इथवर आली, तर धडधाकट मुलं शाळेत बसून इतकी मागे कशी काय राहतात? प्रश्न अजून ऑप्शनला टाकलेला आहे.

प्लॅस्टर वाचवा, शाळा काढा!

आता येतो सगळ्यात चविष्ट भाग, म्हणून इथे जरा रेंगाळू.

जगातली पहिली मॉन्टेसरी कशासाठी निघाली, माहीत आहे का? शिक्षणक्रांतीसाठी? बालहक्कांसाठी? नाही. भिंतींसाठी! रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका कंपनीने जुन्या चाळीवजा इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईबाप कामाला गेले की मागे राहिलेली कार्टी जिने, भिंती, रंग, प्लॅस्टर सगळ्यांची वाट लावायची. कंपनीने हिशेब केला: दरवर्षी डागडुजी करण्यापेक्षा पोरांना एका खोलीत गुंतवणं स्वस्त. आणि बोलावलं डॉक्टरीणबाईंना.

६ जानेवारी १९०७ रोजी ‘कासा देई बांबिनी’ म्हणजे मुलांचं घर उघडलं. इटलीत हा ‘बेफाना’चा दिवस. झाडूवर बसून येणारी म्हातारी आदल्या रात्री मुलांना खाऊ-खेळणी वाटते. टायमिंग बघा! मुलं होती पन्नास-साठ. आणि बाई? कुणी ट्रेण्ड शिक्षिका नव्हे, इमारतीच्या पहारेकऱ्याचीच मुलगी. मारियाला हे पथ्यावर पडलं. जिला शिकवायचं कसं हे शिकवलेलंच नाही, ती मुलांच्या मध्येमध्ये कमी करणार.

साधनं कपाटात कुलूपबंद असायची. एके दिवशी कुलूप लावायचं राहून गेलं, शिक्षिका यायच्या आत मुलांनी हवं ते काढून घेतलं आणि गुपचूप कामाला लागली. शिक्षिकेला वाटलं, चोरी! मारियाला वाटलं, शोध! मुलांना काय हवं ते मुलांना कळतं. कपाट गेलं, बुटकी उघडी फडताळं आली. तुमच्या मुलाच्या प्लेग्रुपमध्ये गुडघ्याएवढी शेल्फं दिसतात ना? त्यांच्या वंशावळीत एक विसरलेलं कुलूप आहे.

त्याच वर्गातली एक तीनेक वर्षांची मुलगी. लाकडी ठोकळ्याला भोकं, प्रत्येक भोकात बसणारा वेगळ्या मापाचा दट्ट्या. सगळे दट्टे काढायचे, मिसळायचे, पुन्हा नेमक्या भोकात बसवायचे. ती एकदा करून थांबली नाही. दोनदा, पाचदा, दहादा. मारिया मोजायला लागली. मग म्हणाली, गंमत करू: बाकीच्या मुलांना गाणं म्हणत भोवती फिरायला लावलं. मुलगी ढिम्म. मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलीने हवेत असताना ठोकळा मांडीवर घट्ट धरला आणि टेबलावर टेकताच पुढचा दट्ट्या बसवला! चाळीसहून जास्त वेळा करून झाल्यावर ती आपणहून थांबली, झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे पाहत, मजेत. आणि आपण म्हणतो, लहान मुलांचा अटेन्शन स्पॅन नसतो.

(ता. क. ॲमेझॉनचे जेफ बेझोस मॉन्टेसरीचेच विद्यार्थी. त्यांच्या आईने सांगितलेली आठवण: छोटा जेफ हातातल्या कामात इतका रुतून बसायचा, की दुसरीकडे न्यायचं तर शिक्षिकांना त्याला खुर्चीसकट उचलावं लागे. खुर्ची तीच, डिलिव्हरी तीच!)

टाळ्यांचा धडा माहीत आहे का? मारियाने एकदा मुलांना नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. रुमाल कसा काढायचा, आवाज न करता कसं शिंकरायचं, सगळं साग्रसंगीत. आता हसतील, असं तिला वाटलं. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला! तिच्या लक्षात आलं की शेंबड्या नाकावरून या मुलांना रोज रागावलं जायचं, टोमणे मारले जायचे, पण नाक शिंकरायचं कसं हे आजवर कुणी नीट दाखवलंच नव्हतं.

दुसऱ्या एका प्रसंगी एका पाहुण्या बाईंनी वेगवेगळ्या आकारांची बिस्किटं आणली. मुलांनी ती हातात घेऊन पाहिली. खाल्ली का? नाही. “हे वर्तुळ!” “हा आयत!” भूमिती आधी, भूक नंतर. आपल्याकडे हा प्रयोग ग्लुकोज बिस्किटावर करू नये, चहा थंड होतो.

आणि हे ऐका. अर्जेंटिनाचे राजदूत शाळा बघायला अचानक हजर झाले. त्यांना खात्री करायची होती की हे सगळं पाहुण्यांसाठी पढवलेलं नाटक नाही. आले तर शाळेला सुट्टी! दाराशी खेळणाऱ्या एका पोराने सांगितलं, किल्ली पहारेकऱ्याकडे आहे, आम्ही सगळे इथेच राहतो. मुलं गोळा झाली, कुलूप उघडलं आणि शिक्षिकेशिवाय वर्ग सुरू. राजदूत गार!

गुलाबी मनोरा आणि हजाराचा हिशेब

मॉन्टेसरीतला तो प्रसिद्ध गुलाबी मनोरा आठवतो? दहा घन. सगळ्यात छोट्याची बाजू १ सेंटिमीटर, मोठ्याची १०. मुलाला वाटतं आपण ठोकळे रचतोय. प्रत्यक्षात त्याच्या हातात घनफळ आहे: मोठ्या ठोकळ्याच्या जागेत छोटे किती मावतील? हजार! हे गणित आपल्याला हायस्कुलात फळ्यावर खडूने शिकवलं, म्हणून तर आपण ते विसरलो.

आणखी एक उलटापालट: इथे मुलं वाचायच्या आधी लिहायला लागली. सॅंडपेपरची अक्षरं बोटांनी गिरवता गिरवता एक दिवस गच्चीवर एका पाच वर्षांच्या पोराच्या हातात खडू आला आणि तो ओरडत सुटला की मला लिहिता येतंय. मग साथच आली. मुलं जमिनीवर, भिंतींवर, दिसेल तिथे लिहीत सुटली. प्लॅस्टर वाचवायला काढलेल्या शाळेत!

अमेरिकेची लाट, अमेरिकेची ओहोटी

१९११ मध्ये एका अमेरिकन मासिकाने बाईंवर लेख छापला आणि ती रातोरात सेलिब्रिटी झाली. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिचं व्याख्यान झालं. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांच्या पत्नी मेबल यांनी मॉन्टेसरीची संघटनाच काढली. बाईंचा कॉल बेलनीच उचलला म्हणायचा.

१९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात तर काचेच्या भिंतींचा वर्ग उभारला. आत २१ मुलं निवांत कामात, बाहेर काचेला नाक लावून गर्दी. बिग बॉसच्या किती आधी, मोजा! शिक्षण विभागातली दोन्ही सुवर्णपदकं या काचघराने नेली.

आणि मग फुस्स. कोलंबिया विद्यापीठाच्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये छोटंसं टीकात्मक पुस्तक लिहिलं होतं, प्राध्यापक मंडळींनी त्यावर मान डोलावली, आणि अमेरिकेतली लाट ओसरली ती थेट १९६० च्या आसपास परत आली.

सिक्रेट बेबी

इथे जरा आवाज खाली घेऊ.

३१ मार्च १८९८. मारियाला मुलगा झाला, मारिओ. वडील तिचे सहकारी डॉक्टर ज्युसेप्पे मोन्तेसानो. लग्न झालेलं नव्हतं, आणि लग्न केलं असतं तर त्या काळच्या रीतीने तिचं काम सुटलं असतं. मूल खेड्यात एका दाईकडे वाढायला गेलं. १९०१ मध्ये मोन्तेसानोंनी दुसरीशी लग्न केलं. मारियाने दोघे मिळून चालवत असलेली संस्था सोडली.

म्हणजे सान लोरेन्झोत पन्नास-साठ परक्या मुलांना टक लावून न्याहाळणारी ही बाई स्वतःच्या मुलाला अधूनमधून भेटायची, आणि भेटणारी बाई कोण हेही त्याला सांगितलेलं नव्हतं. तिची आई १९१२ मध्ये वारली, त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांचा मारिओ तिच्याकडे राहायला आला. लोकांसमोर ओळख? भाचा, नाहीतर मानलेला मुलगा. पुढची चाळीस वर्षं तो तिचा सेक्रेटरी, दुभाषी, संघटक, सगळं काही होता. तिच्याबद्दल लिहिताना हे पान घाईने उलटणारे पुष्कळ आहेत. मला तर बाकी सगळं याच पानामुळे वाचावंसं वाटतं.

हुकूमशहा विरुद्ध बालवाडी

१९२४ पासून मुसोलिनीने मॉन्टेसरी शाळांना सरकारी पाठबळ दिलं, आणि बाईंनी ते घेतलं. हा डाग लपवायचा नाही. पण हुकमावर चालणारी मुलं तयार करायला ही पद्धत अगदीच कुचकामी निघाली. १९३४ मध्ये फाटलं, बाई इटलीबाहेर, शाळांना टाळी. जर्मनीत नाझींनी तिची पुस्तकं पेटवली आणि त्या जाळावर तिचा पुतळाही. बालवाडीच्या बाईंची एवढी धास्ती!

स्पेनमध्ये बस्तान बसवलं, तर १९३६ मध्ये तिथे यादवी. बार्सिलोनाहून तिला ब्रिटिश युद्धनौकेने बाहेर काढलं. मग मुक्काम नेदरलँड्स. ॲमस्टरडॅमच्या एका मॉन्टेसरी शाळेत तेव्हा एक बडबडी मुलगी शिकत होती. नाव ॲन फ्रँक.

मधल्या काळात, १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी वेळ काढून मॉन्टेसरीच्या प्रशिक्षण वर्गाला भेट देऊन आले होते. डिसेंबरात परतीच्या वाटेवर रोममध्ये मुलांची शाळाही त्यांनी पाहिली.

आणि आता... नगर!

१९३९ च्या अखेरीला थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून एकोणसत्तर वर्षांच्या बाई मद्रासच्या अड्यारला उतरल्या. बेत काही महिन्यांचा. मुक्काम किती पडला, माहीत आहे का? १९४६ पर्यंत! पहिल्याच कोर्सला देशभरातून तीनशेच्या आसपास विद्यार्थी आले. बाई बोलायच्या इटालियनमध्ये, मारिओ शेजारी उभा राहून वाक्यागणिक इंग्रजी करायचा.

जून १९४० मध्ये इटली हिटलरच्या बाजूने युद्धात उतरली आणि मायलेक एका दिवसात ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ झाले. बाईंना अड्यारच्या आवारातच राहायचं फर्मान, आणि मारिओची रवानगी अहमदनगरच्या छावणीत. हो, आपलंच नगर, आताचं अहिल्यानगर. (दोनच वर्षांनी तिथल्याच किल्ल्यात नेहरू आले आणि ग्रंथ लिहून गेले. नगरच्या पाहुण्यांची यादी भारदस्तच.)

आता खिशातली ती तारीख काढा. ३१ ऑगस्ट १९४०, बाईंचा सत्तरावा वाढदिवस. व्हाइसरॉयची तार आली. आशय असा, की तुम्हाला काय भेट द्यावी याचा खूप विचार केला आणि ठरवलं, की तुमचा मुलगाच तुम्हाला परत द्यावा. भाचा नाही, मानलेला नाही. मुलगा! बेचाळीस वर्षं उघड न बोललेलं नातं ब्रिटिश सरकारच्या तारेने जाहीर करून टाकलं. साम्राज्याने दिलेल्या वाढदिवसाच्या भेटींत हिचा नंबर पहिला लावायला हरकत नाही.

नंतर काही काळ मुक्काम कोडाईकनालला. थंड हवा, डोंगर, पानं, बिया, किडे, आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी सगळं विश्वच अभ्यासाला घेणारी नवी मांडणी. त्या काळातल्या व्याख्यानांवरून तयार झालेलं तिचं गाजलेलं पुस्तक ‘द ॲब्सॉर्बेंट माइंड’ १९४९ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं ते लंडन-रोमला नाही, मद्रासला.

पटपट घ्या, संपत आलंय!

नोबेलच्या शांतता पुरस्कारासाठी तिचं नाव १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षं सुचवलं गेलं. मिळालं? नाही. शांत राहिली बिचारी.

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधल्या नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी ती गेली. मृत्युपत्रात मारिओचा उल्लेख सरळ ‘मुलगा’ असा.

१९९० मध्ये इटलीने हजार लिरांच्या नोटेवरून कुणाला हटवून तिला आणलं, माहीत आहे का? मार्को पोलोला! फिरस्ता गेला, फिरस्ती आली. युरो आल्यावर त्या नोटेची किंमत उरली अर्ध्या युरोच्या जरा वर.

गुगलचे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, दोघेही मॉन्टेसरीवाले. कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केजही. आपल्याकडे अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाने घरातच या धर्तीवर शाळा काढली आणि तिथे शिकलेल्या विक्रमने पुढे देशाला अवकाशात नेलं. गुलाबी मनोऱ्याची उंची फार वर गेली.

आणि ही बातमी पालकांसाठी: १९६७ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाने निकाल दिला की ‘मॉन्टेसरी’ या शब्दावर कुणा एका संस्थेची मालकी नाही. आपल्याकडेही ही पाटी कुणीही लावतं. त्यामुळे आत गुलाबी मनोरा आहे की नुसताच गुलाबी डिस्टेंपर, ते फी भरायच्या आधी डोकावून बघा.

आपली तारा

मॉन्टेसरीचं पुस्तक एका गुजराती वकिलाच्या हातात पडलं आणि त्याने वकिली सोडली. हे गिजुभाई बधेका. भरघोस मिश्या आणि मुलांवर माया, म्हणून टोपणनाव ‘मूछाळी मा’! त्यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं आणि १९२३ मध्ये तिथे दाखल झाल्या मुंबईच्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार, असा त्यांचा धडाका. १९६२ मध्ये पद्मभूषण. आणि तारखांचा योग बघा, ताराबाई गेल्या ३१ ऑगस्ट १९७३ रोजी!

परदेशी साधनं महाग आणि भारतात गावं लाखो. ताराबाईंनी खडे, बिया, शिंपले, पानं उचलली आणि म्हणाल्या, चालतंय. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. जोडीला अनुताई वाघ आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत? मग बालवाडीच पाड्यावर, अंगणात भरवू. झाली अंगणवाडी! हेच नाव १९७५ पासून सरकारी योजनेने देशभर पोहोचवलं.

मग मुक्काम हलला कोसबादच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत. तिथे नवीच अडचण: जरा मोठी मुलं शाळेत यायची कशी, ती तर गुरं राखायला जातात. ताराबाई-अनुताईंचं डोकं बघा. मुलं कुरणात, तर शाळाही कुरणात! गुरुजी निघाले गुरांच्या मागोमाग, फळा झाडाला, आणि वर्ग चालू. नाव ठेवलं कुरणशाळा. हजेरी मुलांचीच घ्यायचे, पण पटावर नसलेली शेपटीवाली मंडळी रोज शंभर टक्के हजर असणार, नाही का?